अबकारीनाना आणि आमची वच्छी

धुडकूनाना कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी नाकाला लावत. समोरच्या माणसाला काय वाटेल याचा विचार त्यांनी जन्मात कधी केला नसेल. आमच्या घरी सत्यनारायण झाला, तेव्हा त्यांनी प्रसादही आधी हुंगला, बोटांनी चिवडून पाहिला आणि मग खाल्ला. भटजी बघतच राहिले. माझ्या सासूचा संताप अनावर झाला, पण घरच्या बाईने पूजेच्या दिवशी भांडू नये म्हणून ती गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून भांडली.

मी सांगते आहे ती गोष्ट धरणगावची. आता जळगावला लेकाकडे राहून माझी बोली बदलली, पण तेव्हा मी पक्की खेड्यातली होते. नवरा कापसाच्या जिनात मापाडी होता. घरात तो, सासू, मी आणि माझी पहिली लेक वच्छी. आमच्या घराला लागून, एका भिंतीच्या पलीकडे, नाना एकटेच राहत. त्यांची बायको फार आधी वारली होती आणि एकुलती एक मुलगी धुळ्याला दिलेली होती.

नाना अबकारी खात्यात शिपाई होते. सातपुड्याच्या पायथ्याला मोहाची दारू कुठे गाळतात, माळव्यातून चोरून आणलेली अफू कोणत्या वाटेने उतरते, हे शोधण्यात त्यांची उमर गेली. नाल्यात पडून पाय मोडला, म्हणून त्यांना घरी बसवलं. पण घरी बसले ते फक्त पायाने. डोळे आणि नाक नोकरीवरच राहिले. गल्लीत सगळे त्यांना अबकारीनाना म्हणत, तेही त्यांच्या पाठीमागे. ते ओट्यावर येऊन बसले की बायका बोलणं थांबवून धुणं जोरात आपटायला लागत. सरकारला अजून खबर देत असतील, पेन्शन का फुकट मिळते, असं माझी सासू म्हणायची. मलाही तसंच वाटायचं. खोटं कशाला सांगू.

बाहेर जाताना ते कुलूप लावत आणि वर कडीला एक काळा दोरा बांधत. परत आल्यावर आधी दोरा तपासत, मग कुलूप. पोस्टमनने पत्र दिलं तर पाकीट उन्हाकडे धरून त्याची डिंकाची कड बघत. आणि प्रश्न विचारायची त्यांची एक रीत होती. एकच प्रश्न ते तीनदा विचारत, आवाज न चढवता. तुम्ही उत्तर दिलं की थोडं थांबून म्हणत, "आखो?" म्हणजे आणखी काय. तुम्ही आणखी काही सांगितलं की पुन्हा, "आखो?" दूधवालीला त्यांनी असं विचारून विचारून एकदा रडवलं होतं, आणि बिचारीने दुधात पाणी घातल्याचं कबूल केलं, तेही आमच्या दुधात. नाना तिच्याकडून दूध घेतच नव्हते.

त्यांच्या संशयाची फजितीही ते स्वतःच सांगत. चोपड्याच्या रस्त्यावर एकदा त्यांनी एक बाई अडवली. त्या भागात पोटाला दारूची पिशवी बांधून पोटुशी असल्याचं सोंग करायची टूम निघाली होती. नाना म्हणाले, पदर बाजूला कर. ती खरोखरच आठव्या महिन्यातली निघाली. तिने एक ठेवून दिली, आणि मागून येणाऱ्या तिच्या सासूने नानांच्याच काठीने नानांना बडवलं. हे सांगून झालं की नाना गालाला हात लावत आणि म्हणत, "पन तिन्हा पहिले नऊ जनी धरेल होत्या. त्या नवूच्या नवू खोट्या." एक गालफडात बसली म्हणून नऊ सोडायच्या का, असा त्यांचा हिशेब.

आता वच्छीचं सांगते.

वच्छी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. आई नाही, बाबा नाही, काही नाही. तिच्या बरोबरीची गल्लीतली पोरं शिव्या द्यायला शिकली होती. आमची एका जागी बसवली की बसून राहायची, डोळे अर्धे मिटलेले. गुणाची पोर, त्रास नाही, असं आधी सगळे म्हणाले. मग म्हणेनासे झाले. मग एक दिवस पाणवठ्यावर कुणीतरी तिला सरळ मुकी म्हणालं, आणि मी हंडा तिथेच टाकून घरी आले.

दुसरं दुखणं पोटाचं. चार चार, पाच पाच दिवस तिला परसाकडेला होत नसे. मग ती दाराच्या मागे जाऊन उभी राहायची, पाय आवळून, खुंटीला लटकलेलं माझं लुगडं दोन्ही मुठींत धरून, तोंड लालबुंद. बसवलं की किंचाळायची. शेवटी बाहेर पडायचे ते खडे, आणि कधी त्यांना रक्त. ते बघून मी बाहेर येऊन रडायची. तिला रडताना शब्द येत नव्हते आणि मला शब्द येत असून सांगायला कोणी नव्हतं. नवरा म्हणायचा, हे बायकांचं काम.

उपाय करायचे काही बाकी ठेवले नाहीत. एरंडेल पाजलं. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावला, साबणाची वात लावली, हरडा उगाळला. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जिभेसाठी वेखंड घासलं. पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घातला की पोर बोलतं म्हणतात, म्हणून मी एरंडोलच्या बाजारातून हुडकून पेरू आणला आणि त्याला खरंच पोपटाची चोच लागली आहे की विकणारीने नखाने टोचलं आहे, याचा विचार करत तो तिला भरवला. पद्मालयाच्या गणपतीला चांदीची जीभ बोलले. काही फरक नाही.

असं सगळं करून थकलं की माणूस कारण शोधतं, आणि कारण शेजारी बसलं होतं. नाना ओट्यावर बसून वच्छीकडे एकटक बघायचे. मी कापसाच्या वेचणीला जायला निघाले की बघायचे, परत आले की बघायचे. दुपारी पोर अंगणात पडलेली असली की मान वाकडी करून बघायचे. सासू म्हणाली, "तोच शे. त्यान्हीच नजर लागनी." आम्ही मीठमिरच्या उतरवल्या. मिरच्यांचा खाट भिंतीवरून पलीकडे गेला आणि नाना खोकत खोकत विचारायला आले, काय जळतंय म्हणून. मग तर आमची खात्रीच पटली. मी वच्छीची झोळी अंगणातून काढून आत, माजघरात बांधली.

चौथ्या दिवशी नाना दारात उभे. भर दुपार होती. त्या दिवशी वेचणीला सुट्टी म्हणून मी घरात होते. मी पदर डोक्यावर घेतला आणि दारातच उभी राहिले, आत या म्हटलं नाही.

"पोर कोठे शे?" ते म्हणाले.

"झोपनी."

"आठ वाजता झोपेल व्हती. आते दोन वाजनात. इतलं कोन झोपस?"

मी म्हटलं, नाना, तुम्ही माझ्या पोरीवर पहारा ठेवता का? ते हो म्हणाले. लाज नाही, काही नाही, सरळ हो म्हणाले. मग माझ्या बाजूने आत शिरले, झोळीतून वच्छीला उचललं आणि दाराशी उन्हात आणलं. सासू ओरडत आली. नानांनी एका तळव्याने पोरीच्या डोळ्यांवर सावली धरली, मग हात काढला, मग पुन्हा धरला. तिचं तोंड हुंगलं. मला वाटलं हा मंत्र घालतो आहे.

"तिले काय काय खावाडस? बठ्ठं सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. भाकरीचा काला, दूध, वरणाचं पाणी, केळं.

"आखो?"

एरंडेल. हरडा. वेखंड. पोपटाचा पेरू.

"आखो?"

"काहीच नही," मी म्हटलं, आणि देवाशपथ, मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच आठवलं नाही. जेवणात मीठ घातलं हे कोण वेगळं सांगतं? ती गोष्ट तशी होती.

नाना म्हणाले, "बायगोयी?"

बाळगोळी. मोहरीपेक्षा जराशी मोठी, काळी, जायफळाच्या वासाची गोळी. बाजारात एक म्हातारी विकायची. तीन महिन्यांचं मूल झालं की आमच्यातली प्रत्येक बाई ती द्यायची. नाही दिली तर शेतात जाणार कशी, कापूस वेचणार कशी? मूल शांत झोपतं, हातपाय भरतात, असं म्हणत. तिच्यात अफू असते हेही सगळ्यांना माहीत होतं, पण अफू म्हणजे नानांच्या खात्यातली, चोरांची, गोणीतली. बाळगोळी म्हणजे बाळगोळी.

मी म्हटलं, "ती तं बठ्ठ्या बाया देतस."

"तू देस का?"

सासू माझ्याकडे बघत होती. पोर दोन वर्षांची झाली तेव्हाच सासूने मला बजावलं होतं की आता गोळी बंद कर, मोठी झाली. मी हो म्हटलं होतं. पण मी निघाले की वच्छी माझ्या पायाला मिठी मारायची, आणि मला ते सहन व्हायचं नाही. म्हणून रोज सकाळी मी लपवून एक गोळी द्यायचीच. आता ते मान खाली घालून कबूल केलं. मला वाटलं सासू झिंज्या धरेल.

सासू मटकन खाली बसली. म्हणाली, "मी दुपारले देस."

मी बंद केली असं ती समजत होती; सकाळच्या गोळीचा अंमल उतरला की पोर दुपारी उठून रडायची, अंगाला हिसके द्यायची, म्हणून म्हातारीला दया आली. सुनेने अगदीच तोडून टाकलं बिचारीचं, असं वाटून तीही लपवून एक द्यायला लागली होती. म्हणजे पोरीला रोज दोन गोळ्या मिळत होत्या, आणि दोघी एकमेकींपासून लपवत होतो, दोघी मायेपोटी. वर दोघी मिळून एरंडेल पाजत होतो आणि शेजाऱ्यावर मिरच्या जाळत होतो.

नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. अफू खाणारे शेकडो त्यांनी कोठडीत बघितले होते. म्हणाले, असल्या माणसाच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, आठ आठ दिवस पोट हलत नाही, आणि विचारलं तर बोलायचा कंटाळा करतो. पोरगी तशीच दिसली म्हणून महिनाभर बघत होतो. मी ताडकन म्हटलं, आत्तापासून एकही गोळी देणार नाही. तर म्हणाले, "एकदम बंद करशी तं पोर हातमातीन जाई." पोर हातची जाईल म्हणजे; कोठडीत अफू एकदम तोडलेल्या माणसांचे हाल त्यांनी पाहिले होते.

त्यांनी दोघींच्या पुरचुंड्या मागून घेतल्या. सासूने एकच काढून दिली, तर ते तिच्यासमोर हात पसरून तसेच उभे राहिले. "आखो?" म्हातारीने तांदळाच्या डब्यातून दुसरी काढली. त्या दिवसापासून गोळी नानांच्या घरात. सकाळी मी वच्छीला घेऊन त्यांच्या ओट्यावर जायचं, ते दाढीच्या पात्याने गोळीचा तुकडा करणार, स्वतःच्या बोटाने तिच्या जिभेवर ठेवणार, आणि ती गिळेपर्यंत मला हलू देणार नाहीत. आमच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. का असावा?

ते दोन महिने नाकी नऊ आले. पोर रडायची, नाक वाहायचं, अंगाला हात लावू द्यायची नाही. वेचणीचा हंगाम चालू, आणि मी घरी. नवरा चिडला, म्हणाला, त्या लंगड्याच्या नादाने घर बसलं. दुपारी रडं थांबेना की नाना पोरीला खांद्यावर टाकून गल्लीत लंगडत फेऱ्या मारत. मी उंबऱ्यात उभी राहून बघायची. अजूनही माझ्या मनात होतंच की हा माणूस सगळं लिहून खात्याला कळवणार आणि आम्हा दोघींना धुळ्याच्या तुरुंगात नेणार. एकदा मी स्पष्टच विचारलं. ते म्हणाले, कळवायला पाहिजे खरं म्हणजे. आणि फेरी मारायला निघून गेले.

तुकडा तांदळाच्या कणीएवढा झाला, मग नुसतं पातं चाटवण्याएवढा, मग काही नाही. त्यानंतर आठवडाभरात एका सकाळी वच्छी आपली आपण मोरीत जाऊन बसली आणि न रडता मोकळी झाली. मी सासूला हाक मारली, सासूने भिंतीवरून नानांना. आम्ही तिघं त्या मऊ, पिवळ्या शीकडे बघत उभे राहिलो. सासूने पदर डोळ्यांना लावला. नाना वाकले, नीट बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एरंडेल दिधं ना चोरीन?" नाही म्हणून सांगितलं, तीनदा सांगितलं.

पण बोलणं काही येईना. पोर आता धावायची, हसायची, कोंबड्यांच्या मागे लागायची, पण तोंडातून शब्द नाही. चार महिने गेले. एक दिवस मी नानांवर भडकले, म्हटलं गोळी गेली, हंगाम गेला, जीभ कुठे आहे? ते उठले, आतून पितळी ताट आणलं आणि वच्छीच्या पाठीमागे दाणकन फरशीवर टाकलं. ती दचकून वळली. "ऐकू येस," ते म्हणाले, ताट उचललं आणि आत गेले. तेवढंच उत्तर. मी घरी येऊन चूल पेटवली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं.

गोळी संपली तरी त्यांची सकाळची तपासणी सुटली नव्हती. रोज वच्छीला ओट्यावर उभी करत, डोळे बघत, आणि माझ्यादेखत तिलाच विचारत, "मायनी गोयी दिधी का?" पोर नुसती त्यांच्या मिशांकडे बघायची. रोज हेच. आपल्या लेकीसमोर आपली अशी चौकशी व्हावी, याचा मला रोज राग यायचा आणि रोज मी जायची.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "मायनी गोयी दिधी का?" आणि वच्छी म्हणाली, "नही."

स्वच्छ. कुणालाही कळेल असं. मी ओट्याच्या पायरीवर बसून घेतलं. तिने माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं, "नही." तिचा पहिला शब्द म्हणजे माझ्या बाजूची साक्ष होती. मी तिला पोटाशी धरून हमसून हमसून रडले.

नाना कपाळाला आठ्या घालून उभे होते. म्हणाले, "कोनी शिकाडं तिले?"

वच्छी पुढे इतकी बोलायला लागली की शाळेत मास्तर तिला दाराबाहेर उभी करत. थोडी अडखळायची, ते कायमचं राहिलं. ते गोळीमुळे की जात्याच, मला कुणी सांगू शकलं नाही, आणि मी दोष स्वतःकडे घेतला आहे. गल्लीत मात्र काय झालं होतं ते कधीच कुणाला कळलं नाही. नानांनी खात्याला सांगितलं नाही आणि पाणवठ्यालाही नाही. ज्यांना आम्ही खबऱ्या समजत होतो त्यांनीच.

पुढच्या वर्षी पायाचं दुखणं वाढलं म्हणून मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन गेली. आणखी दोन वर्षांनी मला मुलगा झाला. तो तीन महिन्यांचा असताना, वेचणी सुरू व्हायच्या तोंडावर, नाना एका सकाळी मोटारीने आले. कळवलं नाही, बोलावणं नाही. खूप वाळले होते. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पोऱ्या आन."

मी आणला. त्यांनी त्याला उन्हाकडे धरलं, डोळ्यांवर तळवा धरला, काढला, पुन्हा धरला. मग तसेच बसून राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे.

"माले आते दिसत नही," ते म्हणाले. "तूच सांग. डोया कशा शेत?"

"चांगल्या शेत, नाना," मी म्हटलं.

मी वाट बघत होते की आता ते आखो म्हणतील. ते म्हणाले नाहीत. पोराला माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "तू सांगस तं मंग तसंच व्हई." आणि काठी घेऊन उठले.

मी खोटं बोलले नव्हते. पोराचे डोळे चांगलेच होते, कारण वेचणी दुसऱ्या दिवसापासून होती आणि गोळी अजून दिलेली नव्हती. ती आदल्या बाजारी आणून मी पदराला बांधली होती. इतकं सगळं भोगून, कळून सवरून. एकच देईन, अर्धी देईन, फक्त हंगामापुरती देईन, असं मनाशी म्हणत होते. तीनदा विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. आयुष्यभर प्रत्येकाला तीनदा विचारणाऱ्या माणसाने मला एकदाच विचारलं.

ती गोळी मी चुलीत टाकली आणि पोराला पाठीला बांधून वेचणीला नेलं, तो हंगामभर माझ्या कानाशी रडला. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी नाना काठी टेकत गल्लीतून निघाले, तेव्हा मी दारातच उभी होते. कोपऱ्यावर ते थांबले, मागे वळले आणि आमच्या दाराच्या दिशेने बघत राहिले. मी त्यांना दिसत होते की नव्हते, कोण जाणे. मी पदराची गाठ मुठीत धरून उभी होते, आणि ते वळून मोटारीकडे चालायला लागले.